वारा नव्हता

साइटवर त्याला सगळे 'वरचा' म्हणत. सकाळी साडेसातला तो टॉवर क्रेनच्या शिडीवर पहिला पाय ठेवायचा, एकशे ऐंशी पायऱ्या चढून टोकाच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचा आणि उतरायचा तो थेट संध्याकाळी साडेपाचला. जेवण वर, थर्मासमधला चहा वर, पाच मिनिटांची डुलकीही वर. डोक्यावरून सळयांचा भारा सरकू लागला की खालचे कामगार मान वर करून म्हणत, "वरच्याची इच्छा!" आणि हसत. त्या हसण्यात थोडी भीती असायची. दोन टनांचं लोखंड डोक्यावरून जाताना कुणाला मनापासून हसू येतं?

माणूस कामाला चोख. वीस वर्षांत त्याच्या हातून कुणाला साधा ओरखडाही आला नव्हता. भारा स्लॅबवर असा टेकवायचा की झोपलेलं मूल गादीवर ठेवतायत असं वाटावं. हे त्याला ठाऊक होतं आणि इतरांनाही ठाऊक असावं याची तो काळजी घ्यायचा. जिभेला मात्र लगाम नव्हता. कुणाचं चालणं, कुणाचं पोट, कुणाची टोपी, काही म्हणून सुटायचं नाही. केबिनमधून वॉकीटॉकीवर एक शेरा टाकला की साइटभर हशा, कारण यंत्र सगळ्यांच्याच कमरेला. वरून माणसं मुंग्यांएवढी दिसतात. वीस वर्षांत त्याला ती तेवढीच वाटूही लागली होती.

त्या साइटवर तेव्हा दुसरीही एक क्रेन होती, जरा बुटकी. तिच्यावरचा म्हातारा क्रेनवाला वर जाताना प्लास्टिकची एक रिकामी, रुंद तोंडाची बाटली न्यायचा आणि संध्याकाळी ती वर्तमानपत्रात गुंडाळून खाली आणून गुपचूप संडासाकडे जायचा. क्रेनवर तसली सोय नसते, आणि उतरून पुन्हा चढायचं तर पाऊण तास काम ठप्प. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. एके दिवशी कागद भिजून गळून पडला, वीस-पंचवीस माणसांसमोर. वरचा नुकताच उतरून हेल्मेट काढत होता. म्हणाला, "अरे, म्हाताऱ्याने बाटलीला आणलं की बाटलीने म्हाताऱ्याला?"

झालं. आठवड्याभरात साहेबसुद्धा म्हाताऱ्याला बाटलीकाका म्हणू लागले. म्हातारा ओशाळं हसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली घेऊन चढला आणि निवृत्त होईपर्यंत तसाच चढत राहिला. नाव ठेवायला नुसती जीभ लागते. ते नाव पाठीवर घेऊन रोज शिडी चढायला काय लागतं, हा विचार वरच्याच्या मनाला कधी शिवला नाही.

अठ्ठेचाळीस पूर्ण झाली त्या वर्षी त्याची नेहमीची तपासणी होती. क्रेन चालवायची तर दर वर्षी प्रकृती ठीक असल्याचा दाखला लागतो. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, पाच मिनिटं गप्प बसवलं, पुन्हा गुंडाळला, मग दुसऱ्या दंडाला.

"वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा एकशे आठ. डोकं दुखतं? चक्कर येते?"

"छे हो. घोड्यासारखा आहे मी."

"तेच वाईट आहे. हे दुखणं आरडाओरडा करत नाही. गुपचूप आत काम करत राहतं." त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "रोज सकाळी एक गोळी. ही अंगातलं जादा पाणी काढते, त्यामुळे लघवीला जास्त जावं लागेल. बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. आज चुकली म्हणून उद्या दोन घ्यायच्या नाहीत. काही त्रास झाला तर मला येऊन सांगा, बदलून देईन. आणि आकडा खाली येईपर्यंत क्रेनवर चढायचं नाही."

महिनाभर त्याला खाली गोदामात बसवलं. संडास गोदामाच्या भिंतीला लागूनच. गोळी बिनबोभाट चालली, महिन्याने आकडा एकशे तीसवर आला, दाखला मिळाला. गोष्ट खरं म्हणजे इथेच संपायला हवी होती.

पण पहिल्याच दिवशी वर गेल्यावर साडेआठलाच ओटीपोट तटतटलं. सातला घेतलेली गोळी तिचं काम प्रामाणिकपणे करत होती. तो दुपारपर्यंत दात आवळून बसला. दुसऱ्या दिवशी मात्र दहा वाजता उतरावंच लागलं. काँक्रीटने भरलेली बादली अधांतरी थांबली, स्लॅबवरची पंधरा माणसं फावडी टेकून वर बघत राहिली आणि मुकादमाने वॉकीटॉकीवर विचारलं, "काय झालं रे वरच्या? पोट बिघडलं की काय?" साइटभर हशा पिकला. या वेळी शेरा त्याचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्याने पाण्याची बाटली हातात घेतली. रुंद तोंडाची होती. तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि परत ठेवून दिली. ते नाव त्याने स्वतःच्या तोंडाने जन्माला घातलं होतं. ते आपल्या बोकांडी बसलेलं त्याला चाललं नसतं.

मग दोन दिवस त्याने गोळी रात्री झोपताना घेऊन पाहिली. चार-चार वेळा उठावं लागलं आणि केबिनमध्ये दिवसभर डोळ्यांवर झापड. तेव्हा त्याने आपल्या अकलेने एक तोड काढली. गोळी घ्यायची फक्त सुट्टीच्या दिवशी. आकडा तर खाली आलाच होता. गरज सरो, वैद्य मरो.

डॉक्टरीणबाईंना सांगायला काय झालं होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणतो. पण बाईमाणसासमोर लघवीचं काय बोलायचं, ही एक लाज. बोललो तर पुन्हा महिनाभर खाली बसवतील, ही दुसरी भीती. दोन्ही मिळून त्याच्या तोंडाला कुलूप लागलं, त्याच तोंडाला, जे एरवी कधी मिटत नसे.

बायको रोज सकाळी डब्याच्या झाकणावर गोळी आणि शेजारी फुलपात्रात पाणी ठेवायची. तो गोळी उचलून खिशात टाकायचा. "वर गेल्यावर घेतो. चढायच्या आधी घेतली की दम लागतो." ती बिचारी मान डोलवायची. गोळ्यांची पट्टी महिन्याच्या महिन्याला संपत होती, ती नवी आणत होती. तिला शंका यावी असं काही उरलंच नव्हतं.

केबिनमध्ये सीटच्या मागे पेपरमिंटचा एक जुना पत्र्याचा डबा होता. गोळी त्यात जायची. औषध फेकू नये असं त्याची आई सांगायची, म्हणून फेकत नव्हता. डब्यात पडताना गोळी टणकन वाजायची. नंतर डबा भरत गेला तसा तो आवाज बारीक होत गेला.

वार्षिक तपासणी जवळ आली की त्या डब्याला भाव यायचा. तीन दिवस रजा टाकून तो घरी बसायचा आणि रोज तीन-तीन गोळ्या घ्यायचा. पहिल्या वर्षी आकडा एकशे चोवीस आला. डॉक्टरीणबाई खूश. "गोळी छान लागू पडलीय. काही त्रास?"

"काही नाही, बाई."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्याच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. कठडा धरून तो खाली बसला, घाम पुसला, आणि उपाशीपोटी आलो म्हणून झालं असं स्वतःला समजावलं. मान दुखायची ते वेगळंच. दिवसभर खाली वाकून बघणाऱ्याची मान दुखणारच. त्यासाठी औषधाच्या दुकानातून मनानेच वेदनाशामक गोळ्या आणायचा, दिवसाला दोन. त्या घेऊन उतरावं लागत नसे, म्हणून त्या त्याला आवडायच्या.

अशी तीन वर्षं गेली. बुटकी क्रेन काम संपल्यावर उतरवून नेली, बाटलीकाका घरी बसला. इमारत नवव्या मजल्यापर्यंत आली. क्रेन सतराव्यासाठी उभी केलेली होती, त्यामुळे केबिन अजून इमारतीच्या खूप वर, एकटीच आभाळात.

खाली उभं राहून त्याला इशारे देणारा होता त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. वरच्यानेच त्याला आठ वर्षांपूर्वी कामाला लावलं होतं. केबिनमधून भाऱ्याची खालची बाजू दिसत नाही. ती मेहुण्याला दिसते. तो यंत्र तोंडाशी धरून बोलायचा, "खाली… खाली… अजून हातभर… बस, दाजी." भाऱ्याखाली सगळ्यांत शेवटपर्यंत थांबणारा माणूस तोच. वरच्याच्या हातावर त्याचा इतका भरवसा की मान वर करून बघायचंही त्याने सोडलं होतं.

एका मंगळवारी दुपारी सळयांचा भारा खाली येत असताना वरच्याचा उजवा हात परका झाला. दुखला नाही, आखडला नाही, फक्त आपला राहिला नाही. हातातला क्रेनचा दांडा हलला, भारा हिसका खाऊन दोन हात बाजूला गेला आणि मेहुण्याच्या हेल्मेटला घासत पुढे सरला. हात गळून खाली पडला तेव्हाच दांडा मधोमध आला आणि क्रेन थांबली.

"दाजी! काय झालं?"

वरच्याने डाव्या हाताने बटण दाबलं. जीभ जड वाटत होती. "वारा," तो म्हणाला. "वारा होता."

मेहुण्याने वर बघितलं. क्रेनच्या लांब हाताच्या टोकाला लाल फडकं बांधलेलं असतं, वाऱ्याचा अंदाज यावा म्हणून. ते धुऊन वाळत घातल्यासारखं सरळ खाली लोंबत होतं. मेहुण्याने त्या फडक्याकडे बघितलं, हे वरच्याने वरून बघितलं.

"बरं, दाजी," मेहुणा म्हणाला.

चार-पाच मिनिटांत बोटं हलू लागली. वरच्याने ती एकेक मोजून पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा तो केबिनमध्ये घाबरला. डबा उघडून त्याने चार गोळ्या एकदम तोंडात टाकल्या, जसं काही राहिलेलं सगळं एका घोटात फेडता येतं. मग संध्याकाळपर्यंत मांड्या आवळून, घामाने डबडबून बसला आणि शिडीवरून उतरताना दोनदा थांबला.

सुट्टीच्या दिवशी मेहुणा घरी आला. वरचा आतल्या खोलीत पडला होता. बाहेरचं बोलणं त्याला ऐकू येत होतं.

"ताई, दाजी गोळी घेतात ना वेळेवर?"

"रोज नेतात की. माझ्या डोळ्यांदेखत खिशात टाकतात."

"तुझ्यासमोर घेत नाहीत?"

"वर जाऊन घेतात. का रे?"

"सहज."

नंतर मेहुणा आत आला, खाटेच्या काठावर टेकला. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसला. शेवटी म्हणाला, "दाजी, त्या दिवशी वारा नव्हता."

"तू खाली असतोस. वरचा वारा तुला काय कळणार?"

मेहुणा उठला. ज्याने कामाला लावलं, ज्याच्या घरी बहीण दिली, त्याला खोटं पाडायचं कसं? वरचा पाठ वळवून पडून राहिला. तपासणीला तीन महिने होते. तेव्हा बाईंना सगळं सांगून टाकू, असं त्याने ठरवलं. चहा होईपर्यंत त्याने तेही रद्द केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यानंतर सहाव्या आठवड्यातला बुधवार. सकाळपासून डोकं मागून ठणकत होतं. बायको डबा भरता भरता म्हणाली, "अहो, डोळे लाल दिसतायत. आज राहू द्या ना काम."

"स्लॅबचं लोखंड चढवायचंय आज. माझ्याशिवाय कोण चढवणार?"

हे मात्र खरं होतं. साइटवर दुसरा क्रेनवाला नव्हता. त्याने झाकणावरची गोळी खिशात टाकली, मानेच्या दोन गोळ्या चहाबरोबर घेतल्या आणि निघाला. शिडीवर साठाव्या पायरीला थांबला, एकशे विसाव्याला पुन्हा थांबला. वर पोचल्यावर गोळी डब्यात टाकली. डबा आता काठोकाठ होता, झाकण दाबून बसवावं लागलं.

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. भारा नवव्या मजल्यावर उतरत होता.

"खाली… खाली… अजून खाली, दाजी…"

कुणी मागून डोक्यात धोंडा घातला असं त्याला वाटलं. मग उजवी बाजू गेली. हात दांड्यावरून घसरला, दांडा मधोमध आला, ब्रेक लागला. भारा मेहुण्याच्या डोक्यावर बारा फुटांवर लोंबकळत राहिला आणि सावकाश स्वतःभोवती फिरू लागला.

वरचा सीटवर उजवीकडे कलंडला होता. काचेतून त्याला सगळं दिसत होतं. भारा दिसत होता, त्याखालचं मेहुण्याचं पिवळं हेल्मेट दिसत होतं. मेहुणा हलत नव्हता. भरवसा होता ना त्याचा.

"दाजी? थांबलात का?"

बाजूला हो, असं त्याला ओरडायचं होतं. डाव्या हाताने त्याने बटण दाबलं. तोंडातून शब्द आले नाहीत, नुसता एक ओला, लांबलचक आवाज आला. तो साइटवरच्या प्रत्येक कमरेच्या यंत्रातून ऐकू गेला. वरून आलेल्या आवाजावर त्या दिवशी पहिल्यांदा कुणी हसलं नाही.

मेहुण्याने मान वर केली. "दाजी… वारा आहे का?"

लाल फडकं सरळ खाली लोंबत होतं. वरच्याने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तोच आवाज. तेव्हा कुठे मेहुणा हातातलं सगळं टाकून ओरडला, "पळा! सगळे बाजूला व्हा!" आणि स्वतः शिडीकडे धावला.

पायऱ्यांवर बुटांचे आवाज येत होते, जवळ जवळ येत होते. तेवढ्यात मांड्यांवर काहीतरी कोमट पसरलं. तीन वर्षं जे दात आवळून धरून ठेवलं होतं, ते आपसूक सुटलं होतं. त्याला आवरता आलं नाही.

मेहुणा आत आला, वरच्याचं वाकडं झालेलं तोंड बघितलं आणि यंत्र तोंडाशी धरलं. रडत रडतच यंत्रावर बोलू लागला. खालून उलट प्रश्न येत होते. खांद्यावरून आणता येईल का? उभी शिडी, ऐंशी किलोंचं लुळं अंग, कसं आणणार. बचाव पथक निघालंय, पण शहराच्या दुसऱ्या टोकाहून. मग मुकादमाचा आवाज आला, "माणसं उचलायच्या पिंजऱ्यातून क्रेननेच उतरवता येईल."

"चालवणार कोण?" मेहुण्याने विचारलं.

माणसाला तिथून खाली आणू शकेल असा साइटवर एकच माणूस होता आणि तो सीटवर कलंडून पडला होता. हे वरच्याला पूर्ण कळत होतं. कळणं तेवढं शाबूत होतं.

"मागच्या गल्लीत बाटलीकाका राहतात," कुणीतरी म्हणालं.

म्हातारा घरी नव्हता; त्याला शोधून आणेपर्यंत बारा वाजले, पथक अजून वाटेतच होतं. मग शिडीवर पुन्हा पावलं वाजली. पंधरा-वीस पायऱ्या, मग शांतता. पुन्हा पंधरा-वीस, पुन्हा शांतता. वरचा ती मोजत होता आणि मध्येच आकडे हरवत होते. प्रत्येक शांततेत त्याला वाटायचं, म्हातारा परत फिरला. फिरला असता तरी त्याला दोष देता आला नसता.

पासष्टीचा म्हातारा केबिनच्या दारात धापा टाकत उभा राहिला. त्याची नजर ओल्या विजारीवर गेली. त्याने ती लगेच काढून घेतली, खांद्यावरचा टॉवेल उतरवला आणि वरच्याच्या मांडीवर पसरला. "असू दे," एवढंच म्हणाला.

दोघांनी मिळून वरच्याला जमिनीवर निजवलं. म्हातारा सीटवर बसला, सवयीने ती पुढे ओढायला मागे हात घातला, तर डबा हाताला लागला. त्याने तो हलवून बघितला, झाकण काढलं आणि थोडा वेळ आत बघत राहिला. मग चिमटीत एक गोळी धरून उजेडात नेली.

"ही तर माझीच गोळी," तो म्हणाला. "रक्तदाबाची. अकरा वर्षं घेतोय." त्याने खाली वरच्याकडे बघितलं. आवाजात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "अरे, हिच्यामुळेच तर मला बाटली लागायची. तुला माहीत नव्हतं?"

वरच्याचा डावा डोळा मिटला आणि त्यातून पाणी कानाकडे ओघळलं. उजवा मिटला नाही.

म्हाताऱ्याने डबा मेहुण्याच्या हातात दिला. "डॉक्टरला दाखव." मग दांडे धरले. दोन तास टांगलेला भारा आधी जागेवर टेकवला, हळूच, जराही आवाज न करता. मग पिंजरा वर आणून केबिनबाहेरच्या फळीला लावला. मेहुण्याने वरच्याला पट्ट्यांनी बांधून आत घेतलं. खाली जाताना वरच्याला पहिल्यांदा ते दिसलं, जे खालची माणसं रोज बघत होती. केबिन लहान लहान होत गेली आणि आपला जीव त्या काचेतल्या कुणाच्या तरी हातात होता. पिंजरा जमिनीला टेकला तेव्हा त्याला कळलंसुद्धा नाही.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. दीड वाजता दवाखान्यात पोचला. "लवकर आणलं असतं तर," असं मोठे डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं. चौथ्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरीणबाई आल्या. मेहुण्याने त्यांना डबा दिला आणि बायकोने रडत रडत विचारलं, का टाकल्या असतील हो त्यांनी? मेहुण्याने सांगितलं. म्हाताऱ्याच्या बोलण्यावरून त्याला उमगलं होतं.

बाई खुर्चीत बसल्या. "एवढ्यासाठी? अहो, दुसरी लिहून दिली असती. लघवी न लागणाऱ्या कितीतरी गोळ्या आहेत. एका ओळीचं काम होतं." मग मानेच्या गोळ्यांचं पाकीट त्यांनी उलटसुलट करून बघितलं. तसल्या गोळ्या मनाने घेत राहिलं तर रक्तदाब उलट चढतो, हे त्या कुणाला सांगत होत्या कोण जाणे. "तीन वर्षं मी आकडा बघून खूश होत होते," त्या म्हणाल्या.

साहेब चौकशीला आले तेव्हा मेहुणा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. आधी कधी काही जाणवलं होतं का, असं साहेबांनी विचारलं.

"जाणवलं होतं, साहेब. सहा आठवड्यांपूर्वी. ते म्हणाले वारा होता." तो भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊ लागला. "वारा नव्हता, साहेब. मला माहीत होतं. मी बोललो नाही."

वरच्याने त्याच्याकडे डावा हात पुढे केला. तो खाटेच्या काठापर्यंतच पोचला.

आता तो घरी आहे. खाट खिडकीशी आहे, तळमजल्यावर. संडास सात पावलांवर आणि तिथवर न्यायला दोन माणसं लागतात. बायको रोज सकाळी नवी गोळी त्याच्या जिभेवर ठेवते, पाणी पाजते आणि म्हणते, "जीभ दाखवा." तो दाखवतो. ती एका बाजूला वळलेली असते. ज्या जिभेने साइटभर नावं वाटली तिच्यावर आता एक नाव नीट येत नाही. बायको तोंडाचा कोपरान् कोपरा बघते, मगच फुलपात्र उचलते. विश्वास ठेवायचं तिने सोडून दिलंय.

दर मंगळवारी म्हातारा येतो. फार बोलत नाही. स्वतःची गोळी घेतल्याचं बायकोने न विचारताच तिला सांगतो, मग खिडकीतून दूरवर दिसणाऱ्या क्रेनकडे बघत बसतो. तिच्यावर आता नवा माणूस आहे. परवा बायको औषधाच्या दुकानात गेली होती आणि मेहुणा कामावर. वरचा खाटेवर चुळबुळ करू लागला. डावा हात चादरीवर आपटू लागला. तोंडातून तोच लांबलचक आवाज.

म्हातारा उठला. खाटेखाली वाकून त्याने रुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली काढली, चादर बाजूला केली, बाटली धरली आणि तोंड खिडकीकडे वळवून उभा राहिला. खोलीत तेवढाच आवाज होता. वरचा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता, डोळा न हलवता, कुठे एखादी सुरकुती हलते का ते बघत.

"झालं?" म्हाताऱ्याने विचारलं.

मग बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून तो संडासाकडे गेला. तो हसला नव्हता. हसला असता तर वरच्याला बरं वाटलं असतं.